परतीचा हक्क : या विषयाकडे येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

देहूरोडच्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याआधी सव्वीस वर्षे, २८ जुलै १९२८ रोजी, त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूतीलाभाच्या विधेयकाची बाजू मांडली होती, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. पण तिच्या श्रमाचा फायदा मालकाला होत असल्याने त्यालाही हात झटकता येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याचा कायदा झाला. या प्रकारचा देशातला तो पहिला कायदा.

तेव्हापासून आपली चर्चा बहुतेक आठवड्यांभोवती फिरत आली. १९६१ च्या प्रसूतीलाभ कायद्यातली १२ आठवड्यांची रजा २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांवर गेली, आणि त्याचे कौतुकही झाले. पण सत्ताविसाव्या आठवड्यात ती बाई गेटवर उभी राहते तेव्हा काय? तीच लाइन, तीच शिफ्ट, तोच हुद्दा तिला मिळतो का? माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात, रजेनंतर त्याच जागी किंवा तितक्याच पगाराच्या समकक्ष जागी परतण्याचा हक्क सरळ शब्दांत दिलेला आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही आणि तसे एकसंध वाक्य आपल्या कायद्यात नाही. आपल्याकडे परतीचा हक्क तुकड्यातुकड्यांनी जुळवावा लागतो. नव्या वाचकाने याने बिचकू नये. ही जुळवाजुळव म्हणजेच इथला अभ्यास.

सर्वांत महत्त्वाचा तुकडा म्हणजे १९६१ च्या कायद्याचे बारावे कलम. रजेच्या काळात किंवा रजेच्या कारणावरून कामावरून काढणे बेकायदेशीर आहेच, शिवाय रजेवर असताना तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणेही बेकायदेशीर. हुद्दा आणि वेतनश्रेणी यांचे रक्षण या शेवटच्या भागातून करावे लागते. रजेच्या काळात काढून टाकल्यास अपिलासाठी ६० दिवस मिळतात, आणि ते बाळाच्या धावपळीत कधी संपले हे कळतही नाही. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत रोज दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी, आणि त्यासाठी पगारात कपात नाही, हे दुसरे दोन तुकडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा कायदा तिच्या सहाव्या प्रकरणात सामावला. तरी जुने कलम क्रमांक विसरून चालणार नाही, कारण आजवरचे निकाल त्यांच्यावरच दिलेले आहेत.

आता देहूरोडच्या स्टेशनवर लोकलची वाट पाहणाऱ्या तिघींचा विचार करा. पहिली इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. २०२१ पासून ही फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आली, तरी जुन्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय रजा नियमच लागू राहिले : १८० दिवसांची प्रसूती रजा, आणि पुढे संपूर्ण सेवेत ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजा. तिच्या परतीची तारीख बरीचशी तिच्याच हातात असते. दुसरी चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर, आणि तिसरी त्याच कारखान्यात ऑपरेटर, महिना २१,००० रुपयांच्या आतली, म्हणजे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्डाची. एका छताखाली असूनही या दोघींना कायद्याने वेगळ्या वाटेला लावले होते. १९६१ च्या कायद्याने ईएसआय लागू असलेले कारखाने आपल्या कक्षेबाहेर ठेवले आणि पगाराची मर्यादा ओलांडणाऱ्यांनाच आत घेतले. ऑपरेटरला लाभाचे पैसे विम्यातून मिळतात, मालकावर थेट बोजा पडत नाही, आणि १९२८ च्या युक्तिवादाच्या जवळ जाणारी व्यवस्था म्हणून ती मला सरसही वाटते. पण जुन्या ईएसआय कायद्याचे ७३ वे कलम नोकरीला संरक्षण देत होते ते लाभ चालू असेपर्यंतच. इंजिनिअरची ढाल रजा संपल्यावरही ‘रजेच्या कारणावरून’ या आधारावर उभी राहू शकत होती. ऑपरेटरची मात्र नेमकी परतीच्या दिवशी खाली येत होती. या फटीवर आपल्याकडे फारच कमी लिहिले गेले आहे.

पाळणाघराचेही असेच. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे. नियम उत्तम आहे. पण फर्स्ट शिफ्टची कंपनी बस देहूरोडहून पहाटेच निघते. सहा महिन्यांचे बाळ घेऊन त्या बसमध्ये कोण चढणार? आणि लाइनवर रिलीव्हर दिला नाही, तर स्तनपानाची सुट्टी सुपरवायझरच्या मर्जीवर राहते. घरून काम करण्याची तरतूद वेल्डिंग करणारीच्या काय उपयोगाची, हे सांगायला नको. कायदा वाचताना शिफ्टचे वेळापत्रक शेजारी ठेवावे, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो.

सर्वांत अवघड प्रश्न कॉन्ट्रॅक्टवरच्या बायकांचा. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या खटल्यात रोजंदारीवरच्या स्त्रियांनाही प्रसूतीलाभ दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये कविता यादव खटल्यात ते आणखी पुढे गेले : रजा चालू असताना करार संपला तरी पूर्ण २६ आठवड्यांचा लाभ द्यावाच लागेल. निकाल मोठा आहे. पण त्याने लाभाला कराराच्या पलीकडे नेले, नोकरीला नाही. चाकण-तळेगाव पट्ट्यात दर काही महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळणाऱ्या कामगार स्त्रीसाठी परत येणे म्हणजे बहुधा नव्या ठेकेदाराकडे नवा फॉर्म भरणे. पीएफचा यूएएन क्रमांक तोच राहतो. सेवेचे दिवस मात्र शून्यापासून मोजले जातात. तिच्या बाबतीत ‘सेवाशर्ती तोट्याच्या होणे’ कशाशी ताडून पाहायचे, ठेकेदाराच्या करारपत्राशी की मूळ कंपनीतल्या तिच्या प्रत्यक्ष कामाशी? या विषयात नव्याने येणाऱ्याने पहिला अभ्यास यावर करावा.