टब न काढता निचऱ्याच्या कड्याची दुरुस्ती

न्हाणीघरातील टबाची गळती बहुधा खालच्या मजल्याच्या छताला ओल आल्यावरच ध्यानात येते. टब उखडायचा म्हणजे फरशी फोडणे आले. मात्र अनेकदा ते टाळता येते.

टबाच्या तळाशी दिसणारे धातूचे कडे खालच्या एल्बोमध्ये आट्यांनी बसवलेले असते. टबाचा तळ व रबरी वॉशर या दोहोंमध्ये आवळला जातो. प्रथम दोष ओळखावा. बूच लावून टब भरावा. पाणी न सोडताच खाली झिरपले, तर कड्याखालची पुट्टी किंवा वॉशर निकामी झालेला असतो. पाणी सोडल्यावरच गळले, तर एल्बो अथवा पाइप तपासावा.

कड्यातील आडव्या दांड्यांत पाना अडकवून तो डावीकडे फिरवावा. दांड्या तुटल्या असल्यास भोकात कापडाचा बोळा घालून, हॅकसॉच्या पात्याने कड्याच्या आतून समोरासमोर दोन खाचा पाडाव्यात. एल्बोच्या आट्यांना पाते लागू देऊ नये. खाचेत स्क्रूड्रायव्हर टेकवून हलके ठोकल्यास कडे सैल होते.

जुने कडे दुकानात नेऊन त्याच मापाचे व आट्यांचे नवे आणावे. आटे स्वच्छ करून वॉशर बदलावा. कड्याखाली पुट्टी, तर अ‍ॅक्रिलिक टबासाठी सिलिकॉन लावावे. कडे आधी हातानेच फिरवावे. वाकडे बसल्यास आटे झिजतात. सिलिकॉन पुरते वाळल्यावरच पुन्हा टब भरून पाहावा.

एल्बोच फुटला असल्यास भिंतीतील झडपेतून किंवा खालच्या छतातून काम करावे लागते. छतात दिव्याची वायर असल्यास तत्पूर्वी वीजपुरवठा बंद करणे अत्यावश्यक होय.