कारणाचा रकाना

शेतकरी आत्महत्यांच्या कारणांचा शोध ज्या कागदांवर उभा आहे, ते कागद त्या शोधासाठी तयार झालेलेच नव्हते. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने १९ मार्च १९८६ रोजी जीवन संपवले. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत शेतकरी वेगळे मोजले जाऊ लागले ते १९९५ पासून. पुढे सरकारने एक लाखाची मदत देऊ केली आणि तलाठ्याच्या चौकशीला निराळेच वळण लागले. सातबारा कुणाच्या नावे? कर्ज बँकेचे, सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे? वसुलीचा तगादा होता का? नापिकी होती का? उत्तरे जुळली तर ‘पात्र’, नाही तर ‘अपात्र’. कृषी केंद्राची उधारी, बिगरपरवाना सावकाराचे व्याज, तोंडी ठरलेला बटईचा व्यवहार यांना कागद नसतो. राबणाऱ्या बाईचे नाव तर सातबाऱ्यावर बहुधा नसतेच. माणूस का गेला हा प्रश्न मागे पडून त्याच्या घरच्यांना पैसे द्यायचे का, एवढाच उरला.

सरकारी पैसा वाटायचा तर निकष हवेतच, हे मान्य. बिघडले ते तेच निकष कारणमीमांसा म्हणून वापरल्यामुळे. दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: खरे कारण दारू, घरातली भांडणे, लग्नाचा खर्च, शेतीला उगाच दोष. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्र यांनी २००६च्या अहवालात याचे उत्तर पद्धतीनेच दिले. वर्धा, वाशीम, यवतमाळमधल्या आत्महत्याग्रस्त १११ कुटुंबांची तुलना त्यांनी तशाच इतर शेतकरी कुटुंबांशी केली. पहिल्या गटावर कर्ज जास्त होते, बैल कमी होते. व्यसन, आजारपण, भांडणे हीही त्यांनी नोंदली, पण एकाच घरात यांतली अनेक कारणे एकत्र दिसली. कोरडवाहू कपाशी बुडालेल्या घरात पोरीचे लग्न आणि सोसायटीची नोटीस वेगवेगळी कशी काढणार? पोलिसांचा रकाना मात्र एकच कारण मागतो, आणि तिथे ‘कौटुंबिक’ लिहिले की शेती सुटते. त्याच अहवालानुसार राज्यातल्या पुरुष शेतकऱ्यांमधले आत्महत्येचे प्रमाण १९९५ मध्ये लाखामागे १७ होते, ते २००४ मध्ये ५३ झाले. नऊ वर्षांत तिप्पट झालेल्या या प्रमाणाचा उलगडा घरगुती भांडणांनी होत नाही. यापुढच्या अभ्यासकांनी तहसिलीतल्या ‘अपात्र’ शेऱ्याच्या फायली आधी उघडाव्यात.