लिहाफ

लिहाफ : इस्मत चुगताई यांची उर्दू लघुकथा. लाहोरच्या ‘अदब-ए-लतीफ’ मासिकात १९४२ साली प्रथम प्रसिद्ध. लिहाफ म्हणजे रजई. दोन स्त्रियांमधल्या शरीरसंबंधाची धीट, उघडी कथा म्हणून हिचा लौकिक आहे. प्रत्यक्षात उघडे असे कथेत काहीच नाही. त्या संबंधाला नाव देणारा एकही शब्द ती वापरत नाही. जे घडते ते रजईखाली, आणि आपल्याला दिसते ती भिंतीवर हलणारी रजईची सावली. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांनी ही कथा आपली मानली आणि तिच्याशी कडाक्याचे भांडणही मांडले. दोन्हीचे मूळ या न उच्चारलेल्या नावात आहे.

बेगम जान ही गरिबाघरची देखणी मुलगी. तिला उतारवयाच्या नवाबाला देतात. नवाब हज करून आलेले, त्यांच्या दारात कधी नाचणारी बाई दिसली नाही. शौक एकच : गोरे, बारीक कमरेचे तरुण विद्यार्थी पदरी बाळगायचे. बेगम जनानखान्यात झुरत राहते. तिला सावरते ती रब्बू ही मोलकरीण, सावळी, देवीचे वण असलेली, लहानशा चपळ हातांची. बेगमेच्या अंगाला सदा खाज सुटते, वैद्यांना काही सापडत नाही, आणि रब्बू तासन्‌तास तेल चोळत बसते. आई आग्र्याला गेल्यामुळे आठवडाभर तिथे ठेवलेली एक लहान मुलगी हे सारे पाहते. रात्री जाग येते तेव्हा समोरच्या भिंतीवर रजईची सावली हत्तीसारखी डुलत असते. शेवटी एकदा ती दिवा लावते. रजई फूटभर वर उचललेली दिसते, आणि मुलगी झटकन आपल्या अंथरुणात शिरते. तिने काय पाहिले हे चुगताई सांगत नाहीत.

लग्नाआधी दोन महिने लिहिलेल्या या कथेमुळे त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. समन्स आले तेव्हा त्या मुंबईत संसाराला लागल्या होत्या, कडेवर तान्ही मुलगी होती. सुनावणी लाहोरला. ‘बू’ या कथेसाठी सआदत हसन मंटो यांच्यावरही तेव्हाच तिथे खटला चालू होता. ‘काग़ज़ी है पैरहन’ या आत्मकथनात चुगताईंनी त्या दिवसांची हकीकत तपशिलाने दिली आहे. अश्लील शब्द कोणता ते दाखवा म्हटल्यावर साक्षीदार अडखळले. एकाने मुली ‘आशिक’ जमवतात या उल्लेखावर बोट ठेवले. ज्याला हा प्रकार आधीच ठाऊक आहे त्यालाच कथा कळेल, असा बचाव वकिलाने केला, आणि चुगताई सुटल्या. कथा लिहून झाल्यावर त्यांनी ती भावजयीला ऐकवली होती. तिने बेगम कोण ते लगेच ओळखले. चौदा वर्षांच्या एका नात्यातल्या मुलीला मात्र काहीच कळले नव्हते.

वकिलाचा तो युक्तिवाद वाचकांच्या अनुभवाला मोठा जवळचा आहे. ज्या मुलीला स्वतःबद्दल काही ठाऊक आहे पण त्याला शब्द नाही, तिला ही कथा कळते, आणि कळली यातच तिची स्वतःची ओळख पटते. दीर्घ कादंबरीत पात्राचे काय झाले हे सांगावेच लागते. लघुकथेला दिवा लागला त्या क्षणी थांबता येते. अभ्यासक्रमातल्या पुस्तकात दडलेली दहा-बारा पाने घरच्यांसमोर वाचता येतात, हाही लघुकथेचा फायदा साधा नव्हे.

भांडणही खरेच आहे. बेगम रब्बूकडे वळते ती नवऱ्याने टाकल्यामुळे. म्हणजे पुरुष चांगला असता तर हे घडलेच नसते, असा अर्थ निघतो. रब्बू मुलाला भेटायला गेली असताना बेगम त्या लहान मुलीला जवळ ओढते, तिच्या बरगड्या मोजते. तो प्रसंग आजही वाचवत नाही, आणि त्याला प्रेमकथेचा भाग मानणे चूक आहे, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत. शिवाय रब्बू पगारी मोलकरीण आहे. तिला काय वाटत होते हे कथेत कुठेच येत नाही.

पुढच्या कलाकृतींनी या कथेतला धागा आपापल्या परीने उचलला. दीपा मेहता यांच्या ‘फायर’ (१९९६) या चित्रपटाची प्रेरणा म्हणून ‘लिहाफ’चे नाव घेतले जाते. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत आणि दिल्लीत तो दाखवणाऱ्या चित्रपटगृहांवर हल्ले झाले, तेव्हा दिल्लीत स्त्रिया ‘भारतीय आणि लेस्बियन’ असे फलक घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या. कथेत नसलेला शब्द आता हातातल्या पुठ्ठ्यावर होता. दुसऱ्याच वर्षी अश्विनी सुखठणकर यांनी संपादित केलेला ‘फेसिंग द मिरर’ हा भारतीय लेस्बियन लेखनाचा इंग्रजी संग्रह निघाला. यात पाहणारी लहान मुलगी नव्हती; ज्यांच्यावर बेतले होते त्या स्वतः बोलत होत्या. ‘डेढ इश्किया’मध्ये (२०१४) दोन नायिकांच्या सावल्या पुन्हा भिंतीवर आल्या.

अशा कथा वाचणाऱ्या बाईला शेवटाची धास्ती असते. मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकात रोहिणी हट्टंगडी यांनी उभी केलेली, स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा मरणाकडे जाते. उलट विजयदान देथा यांच्या ‘दोहरी जूण’ या राजस्थानी कथेत बीजा आणि तीजा या दोघी गाव सोडतात आणि भुतांच्या सरदाराच्या आश्रयाने सुखाने एकत्र राहतात. माणसांच्या वस्तीत त्यांना जागा मिळत नाही ही गोष्ट वेगळी, पण त्या जगतात.

‘लिहाफ’ची बेगम ज्या बाईवर बेतली, ती अनेक वर्षांनी चुगताईंना एका मेजवानीत भेटली. चुगताईंची छाती धडधडत होती. बाईने त्यांना मिठी मारली. नवाबाला सोडून तिने दुसरे लग्न केले होते, तिला मुलगा झाला होता. कथा लिहिल्याचे चीज झाले असे चुगताईंना वाटले, आणि त्या आनंदाने रडल्या. या प्रसंगात रब्बूचा उल्लेख नाही.