प्रत, पाठभेद आणि परवाना : लिनक्स-वितरणांची परंपरा आणि छत्तीसगढीची शाखा

रायपूर रेल्वेस्थानकाच्या रुळांपलीकडे वसलेल्या गुढ़ियारीचे नाव देवनागरीत लिहिताना ‘ढ’खाली नुक्ता द्यावा लागतो. मराठीत ‘गाढव’, ‘वेढा’ अशा शब्दांतील ‘ढ’ उच्चारात शिथिल होत असला, तरी त्यासाठी वेगळे चिन्ह नाही. त्यामुळे मराठी लेखनात हेच नाव बहुधा ‘गुढियारी’ असे उतरते. संगणकात हा भेद आणखी एक पायरी खाली जातो. युनिकोड या संकेतप्रणालीत ‘ढ़’ हे अक्षर एका स्वतंत्र संकेताने लिहिता येते, तसेच ‘ढ’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांच्या जोडणीनेही. वाचकाच्या डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात. परंतु त्यांचे सामान्यीकरण केलेले नसेल, तर शोध घेणाऱ्या यंत्राला ती दोन भिन्न स्थळे वाटतात.

एका वस्तीच्या नावापुरता दिसणारा हा प्रश्न प्रत्यक्षात व्यापक आहे. हिंदी, मराठी आणि छत्तीसगढी या तिन्ही भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. पण लिपी एक म्हणून लेखनव्यवहार एक होत नाही. मग एखादी भाषा संगणकात ‘आहे’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा नेमके काय असते आणि ते टिकते कशामुळे? या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी लिनक्स या संगणकप्रणालीच्या नानाविध वितरणांचा इतिहास विशेष उपयुक्त ठरतो. एक मूळ, त्याच्या अनेक प्रती, प्रतींतून निघालेल्या शाखा आणि शाखांचा परस्पर संकर हा त्याचा क्रम पाठपरंपरेच्या अभ्यासकाला परका नाही.

१. मूळ संहिता आणि पहिल्या प्रती

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जाहीर केली आणि सप्टेंबरमध्ये तिची पहिली आवृत्ती इतरांना उपलब्ध करून दिली. काटेकोरपणे बोलायचे तर ‘लिनक्स’ हे नाव केवळ गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे आहे. यंत्राची स्मृती, तबकड्या आणि चालू कामे यांचे नियमन हा गाभा करतो. त्याभोवतीची बरीचशी साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातून आली. गाभा, साधने, अक्षरसंच, दृश्य पटल आणि हे सारे यंत्रावर बसवण्याची रीत यांची एकत्र बांधणी करून जी वापरण्याजोगी प्रणाली दिली जाते, तिला ‘वितरण’ म्हणतात. गाभा ही संहिता मानली, तर वितरण ही तिची बांधलेली पोथी होय.

पहिला परवाना पैसे घेऊन वितरण करण्यास मनाई करणारा होता. १९९२ च्या आरंभी टोरवाल्ड्स यांनी तो बदलून ग्नू सार्वजनिक परवाना स्वीकारला, आणि या एका निर्णयाने पुढील साऱ्या वैविध्याचे दार उघडले. त्याच वर्षी मँचेस्टर येथे ओवेन ले ब्लांक यांनी ‘एम.सी.सी. इंटरिम लिनक्स’ आणि पीटर मॅकडोनाल्ड यांनी ‘एस.एल.एस.’ ही वितरणे सिद्ध केली. एस.एल.एस. लोकप्रिय झाले, परंतु ते दोषांनी भरलेले होते. पुढील इतिहास या सदोष प्रतीतूनच घडला. पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी ती दुरुस्त करीत जाऊन जुलै १९९३ मध्ये ‘स्लॅकवेअर’ प्रसिद्ध केले; तिच्याविषयीच्या असमाधानातूनच इयान मर्डोक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये ‘डेबियन’ची घोषणा केली. एकाने हाती असलेली पोथी शोधली, दुसऱ्याने ती बाजूला ठेवून नवी पोथी लिहावयास घेतली. भ्रष्ट प्रतीसमोर उभ्या राहिलेल्या संपादकाचे हे दोन मार्ग ग्रंथसंपादनाच्या क्षेत्रातही सुपरिचित आहेत.

२. शाखाविस्तार आणि संकर

१९९४ मध्ये ‘रेड हॅट’चे वितरण आले आणि स्लॅकवेअर, डेबियन व रेड हॅट या तीन मुख्य परंपरा स्थिर झाल्या. आज अस्तित्वात असलेल्या शेकडो वितरणांपैकी बहुतेकांचे कूळ यांपैकी एकीपर्यंत नेता येते. डेबियनपासून ‘नॉपिक्स’ निघाले, तसेच ऑक्टोबर २००४ मध्ये ‘उबुंटू’ आले. उबुंटूपासून २००६ मध्ये ‘मिंट’ निघाले. जेन्टू आणि आर्चसारखी काही वितरणे मात्र या कुळांबाहेर स्वतंत्रपणे उभी राहिली.

तथापि ही वंशावळ शुद्ध नाही. जर्मनीतील ‘सुसे’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९९४ मध्ये ते स्लॅकवेअरच्या आधारे सिद्ध झाले, पुढे त्याने ‘जुरिक्स’ या दुसऱ्या वितरणाचा पाया घेतला आणि सामग्री बांधण्याची पद्धत रेड हॅटची स्वीकारली. पाठचिकित्सेच्या परिभाषेत हा मिश्रपाठ होय. शाखा फुटण्याची कारणेही केवळ तांत्रिक नव्हती. के.डी.ई. हे दृश्य पटल ज्या साधनावर उभे होते त्याचा परवाना पुरेसा मुक्त नसल्यामुळे रेड हॅटने ते घेतले नाही. १९९८ मध्ये नेमके तेच घेऊन ‘मँड्रेक’ निघाले. २०१४ मध्ये प्रणालीच्या आरंभप्रक्रियेवरील मतभेदातून डेबियनपासून ‘देवुआन’ वेगळे झाले. डिसेंबर २०२० मध्ये रेड हॅटने ‘सेंट ओ.एस.’चे जुने स्वरूप थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा २०२१ मध्ये ‘अल्मा’ आणि ‘रॉकी’ ही दोन वितरणे ती जागा भरून काढण्यासाठी पुढे आली. मूळ मठाने पोथी लिहिणे थांबवले, तरी नक्कल करण्याचा अधिकार वाचकांच्या हाती होता. म्हणून परंपरा खंडित झाली नाही.

३. दोन ताकिदी

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे पैठणची आठवण होणे स्वाभाविक आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि त्या पाठात कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीद दिली. तीन शतकांच्या नकलांत शिरलेल्या भरीचा अनुभव या ताकिदीमागे होता. ग्नू परवान्याची ताकीद वरकरणी अगदी उलट आहे. बदल अवश्य करा, पण बदललेली प्रत दुसऱ्याला द्याल तेव्हा तिची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, त्यालाही उपलब्ध करा आणि तुम्हांला मिळालेले अधिकार त्याच्यापासून हिरावू नका, असे ती सांगते.

परंतु दोन्ही ताकिदींचा हेतू तपासला, तर त्यांचे नाते विरोधाइतकेच साम्याचे दिसते. एकनाथांना पाठ लोप पावण्याची भीती होती ती भरीमुळे. परवान्याला भीती आहे ती पाठ बंदिस्त होण्याची. एकाने लिपिकाचा हात रोखला, दुसऱ्याने लिपिकाला प्रत झाकून ठेवण्यास मनाई केली. पाठ पुढच्या वाचकापर्यंत पोहोचावा, ही चिंता दोहोंत समान आहे. आणखी एक भेद लक्षणीय आहे. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा उत्तरेकडील व दक्षिणेकडील पाठांची तुलना करून अनामिक लिपिकांचे हस्तक्षेप संपादकांना अनुमानाने ओळखावे लागले. लिनक्सच्या गाभ्यात २००५ पासून ‘गिट’ या साधनामुळे प्रत्येक ओळ कोणी, केव्हा बदलली याची नोंद राहते. येथे पाठभेद आहेत. पण लिपिक अनामिक नाही.

४. देवनागरीचा प्रवेश

भारतीय भाषांच्या दृष्टीने १९९१ हे वर्ष दुहेरी महत्त्वाचे आहे. ज्या वर्षी लिनक्स जन्मले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीच्या १९८८ मधील रूपावर आधारलेली होती. मात्र संकेत ठरला म्हणून अक्षर दिसू लागत नाही. जोडाक्षरांची घडण, अक्षरसंच, कळफलक, वर्णक्रम आणि सूचनांचे भाषांतर असे अनेक थर त्यावर चढावे लागतात. मराठीपुरते पाहिले तरी ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद अर्थाचा आहे. तो दाखवणारा अर्धा ‘ऱ’ हिंदीच्या गरजेतून सिद्ध केलेल्या अक्षरसंचाला सुचणार नाही. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही निराळी.

मुंबईत सुरू झालेल्या ‘इंडलिनक्स’ या स्वयंसेवी प्रकल्पाने २००० नंतरच्या दशकात भारतीय भाषांच्या स्थानिकीकरणाला दिशा दिली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ अक्षरसंच रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिले. फेब्रुवारी २००९ मधील डेबियनच्या ‘लेनी’ आवृत्तीत, प्रणाली यंत्रावर बसवतानाच्या संवादासाठी मराठीची भर पडली. शासकीय पातळीवर सी-डॅकने डेबियनच्याच आधारे ‘बॉस’ हे भारतीय वितरण सिद्ध केले. त्याची पहिली आवृत्ती जानेवारी २००७ मध्ये आली. २०२४ मध्ये ‘प्रज्ञा’ नावाची दहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. बॉसच्या भाषिक धोरणाचा भर संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषांवर आहे. छत्तीसगढी त्या अनुसूचीत नाही.

५. छत्तीसगढीची शाखा

२०११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ६२ लाख लोकांनी छत्तीसगढी ही मातृभाषा नोंदवली. जनगणनेने त्यांची गणना हिंदीच्या सदरात केली. नोव्हेंबर २००० मध्ये राज्य झाले आणि नोव्हेंबर २००७ मध्ये विधानसभेने छत्तीसगढीला हिंदीबरोबर राजभाषेचा दर्जा देणारी दुरुस्ती संमत केली. त्यानंतर थोड्याच काळात, मूळचे राजनांदगावचे आणि ‘रवि रतलामी’ या नावाने हिंदीत लिहिणारे रविशंकर श्रीवास्तव यांनी के.डी.ई. या दृश्य पटलाचे छत्तीसगढी भाषांतर हाती घेतले. २००९ च्या सुमारास के.डी.ई.च्या चौथ्या मालिकेतील भाषांत छत्तीसगढीचा समावेश झाला. प्रणालीच्या मूलभूत संग्रहातही छत्तीसगढीची स्वतंत्र स्थाननोंद आहे. तिच्यात महिन्यांची व वारांची नावे, दिनांक आणि चलन लिहिण्याची रीत नमूद असते. राज्याच्या राजपत्राइतकीच ही नोंदही एका अर्थाने भाषेची मान्यता आहे, आणि ती मिळवण्यासाठी अनुसूचीची अट नव्हती. परवान्याने जे दिले ते हेच : कोणाचीही अनुमती न मागता शाखा लावण्याचा अधिकार.

या प्रदेशात भाषांतराने भाषेला रूप दिल्याची परंपरा जुनी आहे. हीरालाल काव्योपाध्याय यांचे छत्तीसगढी व्याकरण १८९० मध्ये ग्रिअर्सन यांच्या इंग्रजी अनुवादातून विद्वानांपुढे आले. मातृभाषा मराठी असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. परंतु छापील अनुवाद आणि प्रणालीचे भाषांतर यांत एक मूलभूत अंतर आहे. सप्रे यांचा ‘दासबोध’ पूर्ण झाला तो कायमचा, कारण मूळ ग्रंथ बदलणार नव्हता. प्रणालीचा मूळ पाठ मात्र सतत बदलतो. तिच्या भाषांतर-संचिकेत प्रत्येक इंग्रजी वाक्याखाली त्याचे भाषांतर लिहिलेले असते. इंग्रजी वाक्य थोडे बदलले, की खालचे भाषांतर ‘शंकित’ ठरवले जाते. कोणी ते पाहून पुन्हा पक्के करीपर्यंत पटलावर इंग्रजी वाक्यच दिसते.

याचा परिणाम विलक्षण आहे. ज्या भाषेला राखणदार नाही ती भाषा प्रणालीतून एके दिवशी नाहीशी होत नाही. ओळीमागून ओळ इंग्रजी होत जाते, आणि वापरणाऱ्याला ते बहुधा उमगतही नाही. वाळवीने खाल्लेल्या पोथीत निदान भोक दिसते; येथे भोकाच्या जागी दुसरी भाषा येऊन बसते. मराठीला पुणे-मुंबईच्या संस्था, शासकीय योजना आणि भाषांतरकारांचे गट यांचा आधार मिळाला. केरळने मुक्त प्रणाली शाळांतून रुजवून मल्याळमसाठी वापरणाऱ्यांची पिढीच घडवली. छत्तीसगढीच्या वाट्याला प्रामुख्याने व्यक्तीचा ध्यास आला. अधिकार तिघींना समान होता. असमान होते ते नक्कल करणाऱ्या हातांचे बळ.

म्हणून वितरणांच्या बाहुल्याकडे केवळ स्वातंत्र्याचा उत्सव किंवा केवळ गोंधळ म्हणून पाहणे अपुरे ठरते. मुक्त परवाना शाखा लावू देतो, ती जगवत नाही. अल्मा आणि रॉकी उभी राहिली, कारण त्या पाठावर अवलंबून असलेला समुदाय मोठा आणि साधनसंपन्न होता. गुढ़ियारीच्या दुकानातील संगणकावर छत्तीसगढीत हिशेब लिहावयाचा असेल, तर त्यामागेही तसाच एखादा समुदाय, विद्यापीठ किंवा राजभाषा आयोग उभा राहावा लागेल, आणि त्याला हे काम एकदाच्या प्रकाशनासारखे नव्हे, तर वर्षानुवर्षांच्या लेखनसेवेसारखे पत्करावे लागेल. तौलनिक साहित्याने आजवर पोथीच्या पाठाइतके लक्ष पोथी उतरवणाऱ्याकडे क्वचितच दिले. भाषांतर-संचिकेतील शंकित ओळी आता त्या लिपिकाचीच वाट पाहत आहेत. आणि तोपर्यंत नुक्त्यासह लिहिलेले ‘गुढ़ियारी’ आणि मराठी वळणाचे ‘गुढियारी’ यांत कोणता पाठ स्वीकारावा, हा निर्णय त्या वस्तीबाहेरचेच कोणीतरी घेत राहील.