कॅथलिक धर्मात तलाक आहे का?

आपल्याकडे निकाह हा करार आहे. नाइलाज झाला तर तलाक, खुला किंवा फस्खने तो संपतो. कॅथलिक लोक लग्नाला पवित्र संस्कार मानतात, म्हणून त्यांच्या चर्चमध्ये तलाक नाही.

पण लग्नाच्या वेळीच संमती जबरदस्तीने किंवा फसवून घेतली असेल, तर बिशपचे न्यायमंडळ चौकशी करून ते लग्न मुळातच झाले नव्हते असे जाहीर करते. आपल्या बातिल निकाहशी याचे थोडे साम्य आहे. मुले मात्र अनौरस ठरत नाहीत. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली. नांदेड, लातूरचे कॅथलिक औरंगाबाद धर्मप्रांतात येतात.

देशाचा कायदा वेगळा आहे. चर्चच्या निर्णयाने कायदेशीर लग्न मोडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये मॉली जोसेफ खटल्यात सांगितले. 1869 च्या घटस्फोट कायद्याखाली कोर्टातच जावे लागते. नुसत्या चर्चच्या कागदावर दुसरे लग्न केले, तर गुन्हा होऊ शकतो.

यात आपल्यासाठीही धडा आहे. दारुल कझाचा निर्णय कायद्याने बंधनकारक नाही, हे 2014 मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. नवरा सोडायला तयार नसेल, तर 1939 च्या कायद्याने मुस्लिम बाईला कोर्टातून फस्ख मिळते. म्हणून आम्ही सांगतो, मुलीचे दुसरे स्थळ बघण्याआधी वकिलाला विचारा, कोर्टाचा कागद हाती घ्या आणि मगच तारीख ठरवा.