आगबोटीवरची दिनचर्या : वरची आणि खालची

विलायतेच्या प्रवासाचे वाङ्मय मराठीत चांगलेच जुने आहे. पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ सालचा. श्रीमंत सयाजीराव महाराज पहिल्यांदा युरोपला गेले ते १८८७ मध्ये. पुढे बॅरिस्टर, डॉक्टर, संस्थानिक, सनदी परीक्षेचे उमेदवार अशी रांगच लागली. हे सारे वाचताना आपले लक्ष असते ते मुंबईच्या निरोपाकडे आणि लंडनच्या नवलाईकडे. मधले सुमारे तीन आठवडे माणसे पाण्यावर राहत होती, उठत होती, न्हात होती, जेवत होती. या व्याख्यानात त्या दिवसांचा विचार करू, कारण समुद्रगमनाची खरी कसोटी तिथेच लागत होती.

सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्याआधी सुएझला उतरून मिसर देश जमिनीवरून ओलांडावा लागे आणि पलीकडे दुसरी बोट धरावी लागे. कालव्यामुळे मुंबईत चढलेला माणूस त्याच बोटीने थेट लंडनला पोहोचू लागला. पहिला मोठा टप्पा एडनचा, सोळाशे सागरी मैलांहून अधिक. पाच-सहा दिवस जमीन दिसत नसे. पुढे तांबडा समुद्र, कालवा, पोर्ट सैद, मग भूमध्य समुद्र.

बोटीवर वेळ घंटेने चाले. दर अर्ध्या तासाला एकेक टोला वाढत जाई. चार तासांनी आठ टोले पडले की खलाशांची पाळी बदले. संध्याकाळी चार ते आठ ही पाळी मात्र दोन-दोन तासांची करत, म्हणजे रोज त्याच माणसांवर मध्यरात्रीचे काम येत नसे. मुंबईच्या आणि लंडनच्या स्थानिक वेळेत जवळजवळ पाच तासांचे अंतर होते. म्हणून पश्चिमेकडे जाताना घड्याळ थोडेथोडे मागे सारत. वरच्या प्रवाशाला ती मिनिटे झोपेत मिळत. पाळीवरच्या माणसाला तीच मिनिटे कामात मिळत.

वरच्या वर्गाचा दिवस पहाटे डेक धुण्याच्या आवाजाने सुरू होई. उकाड्याच्या दिवसांत गाद्या डेकवर टाकून निजलेली मंडळी पाण्याचे लोट येण्याआधी उठत. मग स्नानाची पाळी लावावी लागे. टब खाऱ्या पाण्याने भरलेला असे आणि शेवटी अंगावर घ्यायला थोडे गोडे पाणी मिळे. सकाळी चहा, नंतर भरपेट न्याहारी, दुपारचे जेवण, पुन्हा चहा, आणि रात्री ठरावीक पोशाख करून मोठे जेवण. मधला वेळ लांब खुर्चीत वाचनात आणि डेकवरच्या खेळांत जाई. दुपारी बारा वाजता सूर्य पाहून बोटीचे स्थान काढत. गेल्या चोवीस तासांत किती मैल कापले याचा आकडा लागे आणि त्यावर पैजाही चालत. रविवारी प्रार्थना होई.

वाचायला हा क्रम मजेचा वाटतो. आपल्याकडच्या माणसाला मात्र यातली प्रत्येक घंटा एक प्रश्न घेऊन येई. बौधायन धर्मसूत्राने समुद्रयान पतनाच्या कारणांत मोजले आहे. पण समुद्र नुसता ओलांडल्याने आचार कसा सुटतो? तो सुटत असे तो दिनचर्येतून: कोणाच्या हातचे पाणी, कोणत्या पंक्तीला जेवण, स्नान केव्हा, सोवळे कुठे. मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून निघाले. त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे, की काट्या-चमच्याने जेवायचे कसे ते ठाऊक नव्हते आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारायचा धीर होत नव्हता. म्हणून ते टेबलावर कधी गेलेच नाहीत. केबिनमध्येच, मुख्यतः घरून आणलेल्या मिठाईवर आणि फळांवर त्यांनी भागवले. उलट जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह १९०२ मध्ये राज्यारोहणाला निघाले, तेव्हा त्यांनी अख्खी बोट भाड्याने घेतली आणि गंगाजलाचे चांदीचे प्रचंड रांजण सोबत नेले. आपली दिनचर्या मोडायची नसेल, तर तिची किंमत एका बोटीएवढी होती.

पण याच बोटीवर आपल्याकडची आणखी शेकडो माणसे होती, आणि त्यांना हा पेच या रीतीने पडत नव्हता. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकवरचे बरेच खलाशी कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावरचे असत. त्यांचा म्होरक्या सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, चाकावर सुकाणी, सामानाच्या कोठीवर कसाब, झाडलोटीला टोपस. बॉयलरपाशी आगवाले, तेलवाले आणि कोळसेवाले. जेवणघरात वाढणारे बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती. त्यांना गोमांस आणि डुकराचे मांस दोन्ही हाताळायला अडचण नव्हती, आणि कंपनीची गरज नेमकी तीच होती. वकील साहेबांना ज्या ताटाची भीती वाटे, ते ताट समोर आणून ठेवणारा हात बऱ्याच वेळा साष्टीचा किंवा बार्देशचा असे.

खलाशांना त्यांचा स्वतःचा भंडारी असे. तो भात, डाळ, सुकी मासळी रांधून घाली. म्हणजे आपल्या चवीचे गरम अन्न बोटीच्या पोटात रोज शिजत होते आणि वरचा सुशिक्षित हिंदी प्रवासी डब्यातली मिठाई पुरवून खात होता. दोघांमध्ये दोन-तीन जिने होते, आणि जात, इभ्रत व तिकिटाचा वर्ग यांचे अंतर त्याहून मोठे होते.

खालचा दिवस सोपा नव्हता. आगवाल्याची पाळी चार तासांची, मग आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. तांबड्या समुद्रात वारा पाठीमागून असला की डेकवरही झुळूक लागत नसे, मग भट्टीपुढे काय होत असेल! झोपायच्या जागेचा हिशेबही कायद्याने वेगळा होता. १८९४ च्या ब्रिटिश कायद्यात माणशी ७२ घनफूट, तर हिंदी खलाशासाठी हिंदुस्थानच्या कायद्यात ३६. एकाच बोटीवर, एकाच घंटेवर काम करणाऱ्या दोन माणसांचे माप असे दोन प्रकारचे होते.

या खालच्या दिनचर्येचा इतिहास आपल्या प्रवासवाङ्मयात फार थोडा उतरला, कारण तो जगणाऱ्यांच्या हाती लेखणी क्वचितच आली. मुंबईत धोबीतलाव आणि माझगाव भागात गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ उभे राहिले. पुढची बोट मिळेपर्यंत तारवटी तिथे राहत. कोकणातल्या अनेक घरांत जहाजावरच्या नोकरीचे पुस्तक, ज्याला खलाशी ‘नली’ म्हणत, अजून पेटीत सापडते. आजही क्रूझ जहाजांवर वाढपी आणि आचारी म्हणून गोव्याची मुले जातात. घंटा बदलली, काम फारसे बदललेले नाही.

आपल्यापैकी काहींच्या घरी विलायतेहून आलेल्या आजोबांची रोजनिशी असेल, काहींच्या घरी अशी एखादी नली. पहिलीची आपण पुस्तके काढली. दुसरीतल्या बोटींची नावे आणि तारखा निदान एका वहीत उतरवून ठेवाव्यात, आणि त्यांचा अर्थ सांगू शकणारे कोणी घरात असेल तर त्यांना आजच विचारावे. तीन आठवड्यांच्या त्या प्रवासाची दुसरी बाजू त्याखेरीज लिहिता येणार नाही.