बाजरीच्या मुलखातील गहू : अहिल्यानगर जिल्ह्यातील धान्यबदल आणि ग्लुटेनमुक्त आहारातील बडीशेप

प्रस्तावना :
जेवणानंतर चिमूटभर बडीशेप तोंडात टाकणे हा मराठी घरातील जुना परिपाठ आहे. तीत काही धोका असेल अशी शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु सिलिअॅक हा विकार असलेल्या व्यक्तीला ही शंका घ्यावी लागते. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे अशा व्यक्तीच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करणे हाच त्यावर आज मान्य असलेला उपचार आहे. मग बडीशेप चालेल काय? वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने उत्तर सोपे आहे. बडीशेप ही कोथिंबीर, जिरे, ओवा यांच्या कुळातील वनस्पती असून तिच्यात ग्लुटेन नसते. तरीही व्यवहारात हे उत्तर अपुरे पडते. ते का अपुरे पडते, याचा शोध प्रस्तुत निबंधात अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या धान्येतिहासाच्या आधारे घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) जिल्ह्याच्या पारंपरिक आहारातील धान्यांचे स्वरूप पाहणे.
२) गहू रोजच्या आहारात येण्याची कारणे तपासणे.
३) या बदलाच्या संदर्भात बडीशेपेच्या सुरक्षित वापराचा विचार करणे.

बाजरी-ज्वारीचा मुलूख :
१४९० मध्ये मलिक अहमद निजामशाहाने वसविलेले अहमदनगर आणि त्याभोवतीचा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर हे तालुके अवर्षणप्रवण म्हणूनच ओळखले जातात. हलक्या जमिनीत खरिपाची बाजरी आणि भारी काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी ही येथील पिकांची पूर्वापार मांडणी होय. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सतरावा खंड या जिल्ह्याविषयी असून त्यातही बाजरीला अग्रस्थान आहे. पश्चिमेकडील अकोले तालुक्यात पाऊस अधिक पडतो. तेथील आदिवासी वस्त्यांत भात, नाचणी आणि वरई ही मुख्य धान्ये होती.

या सर्व धान्यांत एक साम्य आहे. बाजरी, ज्वारी, नाचणी, वरई आणि भात यांपैकी एकातही ग्लुटेन नाही. गहू घरात होता, पण तो सणाचा. होळीची किंवा पोळ्याची पुरणपोळी, लग्नातील पक्वान्न, पाहुण्यासाठी केलेली पोळी एवढाच त्याचा मान. आज वैद्य ज्याला पथ्य म्हणून लिहून देतात, तो आहार येथील सामान्य कुटुंबात वर्षातील बहुतेक दिवस सहजच घडत होता.

गहू रोजचा कसा झाला :
हा बदल एका कारणाने किंवा एका वर्षात झाला नाही. प्रवरा नदीवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि कालव्याखालील उत्तर भागाचे चित्र पालटू लागले. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. पुढे मुळा धरणाचे पाणी आले. उसाबरोबरच रब्बीत बागायती गहू घेणेही शक्य झाले. १९६७ नंतर कल्याणसोना, सोनालिका यांसारख्या बुटक्या व अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणांनी गव्हाचा देशभर प्रसार केला.

दुसरे कारण रेशनचे. १९५६ च्या करारानंतर पी. एल. ४८० योजनेखाली अमेरिकन गहू मोठ्या प्रमाणावर भारतात आला. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी रेशनवरील परदेशी लाल मिलोही खाल्ला. तो ज्वारीचाच प्रकार असूनही त्याची कडू आठवण जुनी माणसे अजून सांगतात. पुढे गहू आणि तांदूळ हाच रेशनचा कायमचा आधार झाला. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने गव्हाचा दर किलोला २ रुपये, तांदळाचा ३ रुपये आणि भरडधान्याचा १ रुपया असा ठरविला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत दिले जाते. कायद्यात भरडधान्याला जागा असली, तरी दुकानातून घरी येणाऱ्या पिशवीत प्राधान्याने गहू आणि तांदूळच असतात.

तिसरे कारण गिरणी होय. घरोघरच्या जात्यावर त्या घरचेच धान्य दळले जाई. गावच्या पिठाच्या गिरणीत मात्र एकापाठोपाठ एक सर्वांचे दळण होते. गव्हानंतर बाजरी टाकली की दगडांत आणि खोक्यात राहिलेले गव्हाचे पीठ बाजरीच्या पिठात उतरते. बाजरीच्या मुलखात राहूनही सिलिअॅकच्या रुग्णाला शुद्ध बाजरीची भाकरी मिळणे दुरापास्त झाले, ते येथे.

विकाराची ओळख :
इंग्लंडमधील डॉक्टर सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये या विकाराचे आधुनिक वर्णन केले. गव्हाशी असलेला त्याचा संबंध मात्र डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडला आणि १९५० च्या प्रबंधात मांडला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली. गव्हाचा पाव मिळेनासा झाला असता काही आजारी मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली, या निरीक्षणाने त्यांच्या विचाराला बळ मिळाले. भारतात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत या विकाराचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, तर दक्षिण भारतात ०.१० टक्के आढळले. संशोधकांनी या तफावतीचा संबंध आहारातील गव्हाच्या प्रमाणाशी जोडला. ज्या जिल्ह्यात दोन-तीन पिढ्यांत भाकरीची जागा चपातीने घेतली, तेथील अध्यापकांनी व डॉक्टरांनी या निष्कर्षाची दखल घ्यावयास हवी.

बडीशेपेचा सुरक्षित वापर :
बडीशेप हे या जिल्ह्याचे प्रमुख पीक नव्हे. देशातील बडीशेप मुख्यत्वे गुजरात आणि राजस्थानात पिकते आणि तिचा मोठा व्यापार उंझा येथील बाजारातून होतो. शेत, खळे, पोते, आडत, किराणा दुकान असा प्रवास करून ती आपल्या डब्यात येते. धोका या प्रवासात आहे. बडीशेपेचा आणि गव्हाचा दाणा लांबीला जवळपास सारखा असल्याने साध्या चाळणीने गहू वेगळा होतोच असे नाही. सुट्या विक्रीत एकच माप रव्यातून बडीशेपेत फिरते. मसाल्याच्या डंकावर दळलेल्या पुडीत काय मिसळले, हे डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून रुग्णाने अखंड दाण्याची, बंद पाकिटातील बडीशेप घ्यावी आणि पाकिटावरील सूचना वाचावी. भारतात ग्लुटेनमुक्त म्हणविणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही. घरी आल्यावर ती ताटात पसरून निवडावी, स्वच्छ वेगळ्या कढईत भाजावी आणि पूड हवी असल्यास घरीच करावी. साखरेचे पूट दिलेली बडीशेप, तयार मुखवास आणि हॉटेलच्या गल्ल्यावरील सामाईक वाटी टाळावी. हीच दक्षता अन्यत्रही लागते. डबीतील हिंगात अनेकदा मैदा असतो, सातूच्या पिठात व काही घरच्या भाजणीत गहू असतो, आणि पौष्टिक म्हणून नावाजलेला खपली गहू हाही गहूच असल्याने वर्ज्य आहे. सेलरी किंवा गाजर यांची अॅलर्जी असणाऱ्यांनी बडीशेप जपून घ्यावी; गरोदरपणात औषधी मात्रेत घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

घरगुती उपचाराची मर्यादा :
याहून गंभीर बाब निराळी आहे. पोट फुगले की बडीशेप, ओवा किंवा बाळंतशेप देणे ही आपली रीत. तिने गॅसचा त्रास काहीसा हलका वाटतो, परंतु आतड्याची इजा भरून येत नाही. वारंवार जुलाब, न हटणारा रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ यांवर वर्षानुवर्षे बडीशेपच चालू राहिली, तर निदान लांबते. अशा वेळी रक्ताची तपासणी करून घ्यावी. आणि तपासणीपूर्वी स्वतःहून गहू बंद करू नये, कारण तसे केल्यास विकार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

निष्कर्ष :
बडीशेप निर्दोष आहे; तिच्या वाटेवर गहू सर्वत्र पसरला आहे. हा गहू भूक भागविण्यासाठीच आला आणि त्याने अनेकांना जगविले, हे मान्य करावेच लागेल. परंतु ज्यांना तो बाधतो, त्यांच्यासाठी जुनी वाट मोकळी ठेवणे हेही समाजाचे कर्तव्य ठरते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे जपले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ज्वारीचे सुधारित वाण दिले. बियाणे आहे, पीक आहे; उणीव आहे ती स्वतंत्र दळणाची. बचतगटांनी केवळ भरडधान्यासाठी एखादी गिरणी राखून ठेवावी, रेशनवर ज्वारी-बाजरीचा पर्याय प्रत्यक्षात मिळावा आणि महाविद्यालयीन वसतिगृहांच्या खानावळीत भाकरीचा तवा व परात वेगळी असावी, या तीन गोष्टी आपल्या आवाक्यातील आहेत. त्यांपैकी शेवटची तर आपण अध्यापकांनीच सुरू करावयाची आहे.